दोन वाट्यांमधला गोल

त्याची सुटकेस आमच्या घरी सबंध सीझनभर दारामागे उभीच होती. कपाट रिकामं करून दिलं होतं, ड्रॉवरमध्ये नवा कागद घातला होता, तरी हा बाबा रोज सकाळी सुटकेस आडवी करायचा, शर्ट काढायचा, चेन लावायचा आणि ती परत उभी करून ठेवायचा. मी चिडायचे. मग एक दिवस आठवलं की आम्ही नवरा-बायको नवेनवे डॉक्टर म्हणून इंग्लंडला आलो तेव्हा दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलायचं, आज वेल्स तर उद्या यॉर्कशर, आणि क्वार्टर्समधल्या पलंगाखाली आमच्याही बॅगा अशाच भरलेल्या असायच्या. तेव्हापासून मी त्या सुटकेसला बोलणं सोडून दिलं.

लंडनच्या कडेला स्टॅनमोरला आम्ही स्थिरावलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी जीपी होते, हे भूल देणारे डॉक्टर. आता दोघंही रिटायर्ड. मुलगा सिंगापूरला असतो, त्याची खोली रिकामी. दोन घरं सोडून एक इंग्रज गृहस्थ राहतात, ते आमच्या भागातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचं सगळं बघतात, म्हणजे गवत कापण्यापासून चहाच्या टपरीपर्यंत. ते एकदा कुंपणावरून ह्यांना म्हणाले की क्लबात नवा स्ट्रायकर येतोय, पोर्तुगालचा, मैदानाजवळ एखादी खोली मिळेल का. व्हेरी क्वाएट चॅप. हे तिथल्या तिथे हो म्हणून आले. आमच्याकडे बायकोला विचारायची पद्धत आहे, पण ती नंतर.

स्ट्रायकर म्हणजे गोल मारणं हेच ज्याचं काम, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं कानात डूल घातलेला एखादा पोरगा येईल आणि बाथरूममध्ये तासभर बसेल. आला तो पस्तिशी उलटलेला, दाढीत पांढरे केस असलेला माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला. जिना चढताना त्यानं उजव्या हातानं कठडा घट्ट धरला, तेव्हा मी त्याचा गुडघा पाहिला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिला होता. तो गुडघा काय सांगत होता ते त्यालाही कळत असणारच.

त्याची कारकीर्द मला कळली ती पोळ्या लाटताना. हा ओट्याला टेकून उभा राहायचा आणि एकेक देश सांगायचा. मोठ्या क्लबानं लहानपणी घेतला आणि मोठेपणी सोडला. मग कुणाकुणाला उसना दिला. फुटबॉलमध्ये माणसं उसनी देतात हे मला त्याच्याकडूनच कळलं, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी. आणि परत न्यायला कुणी आलं नाही की माणूस पुढच्या गावाला. सायप्रस, रुमानिया, पोलंड, इराण, व्हिएतनाम. कप जिंकल्याच्या, पेपरात फोटो आल्याच्या गोष्टी त्याच्याकडे फारशा नव्हत्याच. रुमानियात बर्फ झाडून मैदान मोकळं केलं आणि नारिंगी चेंडूनं खेळले. इराणमध्ये घरमालकीण रोज डाळिंब सोलून बशीत ठेवायची. गोव्यात एक सीझन काढला होता, त्यामुळे सोलकढी त्याला ठाऊक होती, आणि माझी सोलकढी बरोबर होत नाही हे त्यानं पहिल्याच आठवड्यात अतिशय नम्रपणे सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला तो तेव्हाच आवडला.

प्रत्येक देशात गेल्यावर म्हणे तो पहिला एकच शब्द शिकायचा, ‘मागे’. चेंडू पायात असताना पाठीमागून कुणी येत असलं की आपली माणसं तसं ओरडून सांगतात. ह्यांनी त्याला तो मराठीतही शिकवला, आणि मग मी ड्राइव्हवेवरून गाडी रिव्हर्स घेताना दोघंही खिडकीतून ‘मागे, मागे’ ओरडायला लागले. हे जन्मभर क्रिकेटवाले. फुटबॉलला नाक मुरडणारे. पण दिवाळी होईस्तोवर हे घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन दर शनिवारी मैदानावर जाऊ लागले होते.

दह्याचं असं झालं. पहिल्या मॅचला तो निघाला तेव्हा मी सवयीनं त्याच्या तळहातावर चमचाभर दही-साखर घातली. मुलाच्या परीक्षेला, ड्रायव्हिंग टेस्टला, सगळ्याला घातली होती. तो हाताकडे बघत राहिला.

“कशासाठी?” त्यानं विचारलं.

“काम फत्ते होतं. आणि माणूस सुखरूप घरी येतो,” मी म्हटलं.

त्यानं हात चाटला, गेला, आणि गोल मारून आला. झालं. आपल्याकडच्या आत्याबाई परवडल्या, इतके हे फुटबॉलवाले शकुन-अपशकुन मानणारे. दह्याशिवाय उंबरा ओलांडेना. एकदा दही संपलं होतं, ग्रीक योगर्ट चालेल म्हटलं तर दोघंही ऐकेनात. हे तडक वेम्बलीला गेले आणि ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानातून डबा घेऊन आले. वेम्बलीच्या आमच्या मैत्रिणींची मुलं मला काकू म्हणतात, ते ऐकून तोही काकू म्हणायला लागला. त्याच्या तोंडी ते ‘काकूऽ’ असं लांबायचं.

दह्याव्यतिरिक्त मात्र मॅचच्या दिवशी तो अगदी मोजकं खायचा. सकाळी पॉरिज, मग थोडा मऊ भात, बस. मी सीझनभर ते पाळलं. मला वाढायचा आग्रह करायची खोड आहे हे मान्य, पण डॉक्टरही आहे मी.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तो चहा घेता घेता म्हणाला की ह्या सीझननंतर खेळणं थांबवणार. गुडघा. आणि घरच्या मैदानावरची शेवटची मॅच बघायला त्याची आई येणार आहे. मग कपाकडे बघत म्हणाला, “तिनं मला कधी खेळताना पाहिलेलं नाही.”

मला खरं वाटेना. एवढं आयुष्य त्यात गेलं आणि आईनं पाहिलं नाही? तर ती उत्तर पोर्तुगालमधल्या एका बंदराच्या गावची. सार्डिन डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला. हा लहान असताना रविवारी सकाळी मॅच, त्या वेळी तिचं चर्च. पुढे हा जो बाहेर पडला तो कुठेकुठे, आणि तिला विमानाची भीती. ज्या देशांत तो खेळला तिथल्या मॅचेस तिच्या टीव्हीवर कधी दिसल्या नाहीत. फोनवर हा सांगायचा, आज गोल मारला, आणि ती म्हणायची, जेवलास का.

“एकदा तिच्यासमोर एक गोल हवा,” तो म्हणाला. “मग झालं.”

मला त्या रात्री माझी आई फार आठवली. ती एकदाच आमच्याकडे राहून गेली. सोफ्यावर शाल गुंडाळून बसायची आणि मी सर्जरीतून, म्हणजे दवाखान्यातून, परत येईपर्यंत घड्याळ बघायची. मी पेशंट तपासतेय, लोक मला डॉक्टर म्हणून काही विचारताहेत, हे तिनं कधी पाहिलं नाही. तिला ते दाखवावं असं मला फार वाटायचं आणि राहूनच गेलं. आपण ज्यात एवढं आयुष्य घालवलं ते काम करताना आपल्या माणसानं आपल्याला एकदा बघावं, ह्यापेक्षा जास्त मागणं नसतं कुणाचं. म्हणून सांगते, त्याला तो गोल हवा होता त्याहून मला कमी हवा नव्हता.

ती आली. हे आणि तो ल्यूटनच्या विमानतळावर जाऊन घेऊन आले. बुटकी, काळं कार्डिगन, गळ्यात फुलांचा स्कार्फ. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत डोळे मिटून बसली होती म्हणे. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज. मी पाणी दिलं, तिनं माझे दोन्ही गाल चुंबले, आणि सरळ वर जाऊन आधी त्याची सुटकेस उघडली. सगळ्या शर्टांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि ते कपाटात लावले. त्याचे आमच्याकडे आठ-दहा दिवसच उरले होते. तो दारात उभा राहून बघत होता. मी मुकाट्यानं खाली आले.

तिच्या स्वतःच्या बॅगेत एक सबंध खारवलेला मासा निघाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आपण सुके बोंबील आणतो तसा. तो तिनं माझ्या मोठ्या पातेल्यात भिजत घातला आणि पाणी बदलत राहिली. मला वाटलं, रविवारसाठी असेल.

शनिवारी सकाळी मी वेम्बलीला देवळात गेले. नारळ ठेवला. देवाला गोलाविषयी सांगताना जरा चमत्कारिक वाटलं, पण सांगितलं. परत आले तर स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या, माशाचा आणि ऑलिव्ह तेलाचा वास, कढई घासून पालथी घातलेली. बाईंनी स्वतःपुरतं काहीतरी केलेलं दिसतंय, असं मी धरून चालले. पुरण मी आदल्या दिवशीच वाटून ठेवलं होतं. पाहुणी पहिल्यांदा घरी आलेली, तिला काय पावभाजी घालणार? मी तवा चढवला.

आता ह्यात काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. मी देवळात असताना तिनं त्याला बटाटे, अंडी घातलेला तो मासा दोन बश्या भरून खाऊ घातला होता. एवढ्या वर्षांनी पोराला मॅचला निघताना आपल्या हातचं मिळतंय, म्हणून तोही बोलला नाही. मग मी आले. पानं मांडली. पुरणपोळी, वर तूप, वाटीत दूध. तिच्याबरोबर त्यालाही बसवलं. पॉरिजचा, मऊ भाताचा नियम मी सीझनभर पाळला होता, आणि पाहुणी समोर बसल्यावर तो माझ्या डोक्यातून साफ गेला. मुलगा एका पोळीवर उठतो हे त्याच्या आईला कसं दिसेल? आणखी एक वाढली. त्यानं आईकडे पाहिलं. ती त्याला खूण करून सांगत होती, की वाढतायत तर घे. माझ्या घरात त्याला आईला नाही म्हणता येईना आणि आईसमोर मला नाही म्हणता येईना.

“काकू, बास,” तो हळूच म्हणाला.

“अरे, ही शेवटची,” मी म्हटलं. त्यानंतर अजून एक वाढली.

निघताना तळहातावर दही-साखर होतीच.

मैदान साधंच आहे. एका बाजूला लाकडी बाकांचं छप्पर, चिप्सची टपरी, दोरीला बांधलेले कुत्रे. मॅचवर काहीच अवलंबून नव्हतं, क्लब ना वरच्या लीगमध्ये जाणार होता ना खालच्या. हे पहिल्या मिनिटापासून फोन समोर धरून शूटिंग करत बसले. त्याच्या गुडघ्यामुळे कोचनं त्याला आधी बाकावर बसवला होता. ती माझ्या शेजारी, हातात जपमाळ. मैदानावर कुणाच्याही पायात चेंडू आला की ती स्कार्फ वर ओढून डोळे झाकायची. मी तिचा हात खाली करायचे, ती हसायची, परत तेच. विमानात मिटलेले डोळे तिनं अजून नीट उघडलेच नव्हते.

मॅच संपत आली तेव्हा कोचनं त्याला मैदानात उतरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताठ बसले. आणि तो चालायला लागला तर लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखा. पळेच ना. चेंडू डावीकडे गेला की हा दोन पावलं टाकायचा आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, किती पोळ्या घातल्यास?” मी देवळात नारळ ठेवून आले आणि स्वतःच्या हातानं सगळं मातीत घातलं, असं वाटत होतं.

मग कॉर्नर मिळाला. गोलपोस्टसमोर एकच गर्दी. सगळे धावताहेत, उड्या मारताहेत, ढकलताहेत, आणि हा मधोमध उभा. समोरच्या संघातल्या एकानं चेंडू बाहेर काढायला म्हणून जोरात मारला, तो सरळ ह्याच्या मांडीवर आदळला आणि जाळ्यात.

मी किंचाळले. लाकडी बाकं दणदणली. शेजारी बघते तर तिच्या डोळ्यांवर स्कार्फ. मी तिला गदागदा हलवलं. तिनं डोळे उघडले तेव्हा मैदानावर नुसती मिठ्यांची रास होती. तिनं मैदानाकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो, तोच. ती आधी हसली, मग कपाळावर हात मारून घेतला, आणि रडायला लागली. एवढा समुद्र ओलांडून आली, विमानात बसली, आणि नेमकं तेवढंच चुकलं. मला इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना. मी नुसता तिचा हात धरून बसले.

तो मिठ्यांमधून बाहेर आला आणि त्यानं आमच्या बाजूला पाहिलं. स्कार्फ अजून तिच्या हातात गोळा केलेला होता. त्याला कळलं.

ह्यांच्या फोनमध्ये असेल म्हणून ह्यांच्यावर आशा ठेवली. तर गोल झाला त्या क्षणी हे उडी मारून उठले होते, आणि फोनमध्ये आभाळ आणि पुढच्या बाकावरच्या माणसाची टोपी. बाकी दीड तासाची मॅच अगदी स्वच्छ आली होती.

परतताना गाडीत ती मागे माझ्याजवळ बसली, तो पुढे. मग तो मागे वळून मला म्हणाला, “काकू, तुम्ही पाहिलात ना?”

“पाहिला,” मी म्हटलं. “पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.”

त्यानं मान हलवली आणि तो पुढे रस्त्याकडे बघायला लागला. मला भरून आलं. पण माझं बघणं वेगळं, तिचं वेगळं, हे मला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं कोटसुद्धा काढला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली, मला समोर बसवलं, आणि हातानं विचारलं, कसा? मी मिसळणाचा डबा काढला. दोन रिकाम्या वाट्या म्हणजे गोलचे खांब. हळदीची वाटी गोलकीपर. तिखट, मोहरी, जिरं हे समोरच्या संघाचे लोक. त्याच्यासाठी तुपाची वाटी घेतली, आणि चेंडू म्हणून एक लिंबू. तो दारात उभा होता, त्याला म्हटलं, ट्रान्सलेट कर.

आणि मी सुरुवात केली. आता आईला गोल दाखवायचा तर मांडीला लागून गेला असं दाखवायचं का? तुपाची वाटी मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाहून आणली. तिखटाला चुकवलं. मोहरीला चुकवलं. जिरं जागीच उभं राहिलं. मग उजव्या पायानं असा काही फटका, की हळद उडी मारायच्या आत लिंबू दोन वाट्यांमधून पार. मी थांबत थांबत सांगत होते, तो एकेक वाक्य तिला पोर्तुगीजमध्ये सांगत होता. त्याचे कान लाल झाले होते.

ती ऐकत होती. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या मांडीवर सणसणीत थाप मारली.

मी त्याच्याकडे वळले. “काय सांगितलंस तू?”

“जे झालं ते,” तो म्हणाला. “म्हटलं, काकू म्हणतात मी पळालो. मी उभा होतो. हलता येत नव्हतं.” मग त्यानं पोटावर हात ठेवून गाल फुगवले, आधी तिच्या कढईकडे बोट दाखवलं, मग माझ्या तव्याकडे. दोन बश्या आणि त्यावर पोळ्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की डोळे पुसायला तोच स्कार्फ घ्यावा लागला. हे बाहेरून विचारत आले, काय झालं, पण सांगायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

हसू ओसरल्यावर तिनं सगळ्या वाट्या गोळा केल्या आणि स्वतः मांडल्या. आता बरोबर. गर्दी पोस्टसमोर, तुपाची वाटी मधोमध, जागच्या जागी. तो खाली वाकून टेबलाच्या कडेशी गुडघ्यावर बसला, त्या दुखऱ्या गुडघ्यावर, आणि बोटानं तिला दाखवलं, चेंडू इथून आला. तिनं लिंबू ढकललं. ते तुपाच्या वाटीकडे घरंगळत निघालं तेव्हा सवयीनं तिचा हात स्कार्फकडे गेला. त्यानं तो मधेच धरला आणि धरून ठेवला. लिंबू वाटीला लागलं, वळलं, आणि दोन वाट्यांच्या मधून आत गेलं. तिचे डोळे उघडे होते.